अबोल्याची मुळी

पोंभुर्णा, १४ जुलै १९८६

स्वस्ति श्रीमत् सकलांगारराशिपरिवेष्टित, अहोरात्रधूम्रपटलालंकृत, वीजकेंद्रकोळसाहाताळणीविभागधुरंधर, साप्ताहिकसुटीमात्रदर्शन, वसाहतबसवाहन, ऊर्जानगरस्थ द्विकक्षनिवासाधीश चिरंजीव सोमाजी रामटेके यांस, पोंभुर्णापीठस्थ संस्कृताध्यापक, इयत्ता आठवी ते दहावीच्या त्रस्त बालकांचे विभक्तिप्रत्ययदाते, संप्रति भग्नस्वर, पीतनेत्र, पेजाहारी ज्येष्ठ बंधू बापूराव यांचा, विनय वगळून, जयभीम.

पाच वर्षांच्या अबोल्यानंतर पत्र आले म्हणून हर्ष मानू नयेस. हे समेटाचे पत्र नसून चौकशीचे आहे. बाबांच्या पोटातली गाठ डॉक्टरांनी दाखवली असता तू त्यांना दवाखान्याच्या खाटेवरून उठवून जंगलातल्या, झाडपाल्याचे औषध देणाऱ्या वारलू नावाच्या पुजाऱ्याकडे नेलेस, ते तिथेच गेले, आणि विहारातल्या शोकसभेत मी सर्वांसमक्ष तुला पितृघातक म्हटले. ते विशेषण मी आजही मागे घेत नाही. आजच्या प्रकरणात तुझे नाव पहिल्या संशयितांत का आहे, हे कळावे म्हणून केवळ उल्लेख केला.

प्रकरण असे. माझ्या स्वरयंत्रात कर्करोगाची गाठ आहे, हे तुला कुणीतरी कळवलेच असेल. या कुटुंबात गुप्त राहते ते केवळ मला सांगायचे असते. जूनपासून नागपूरच्या रुग्णालयात गळ्याला शेक देणे चालू होते. कोबाल्टचे यंत्र आहे. माणसाला फळीवर निजवून मानेवर अदृश्य किरण सोडतात. मानेवर जांभळ्या शाईच्या रेघा आखल्या आहेत, त्या धुवायच्या नाहीत. शिक्षकाच्या अंगावरच कुणीतरी समास सोडला, असे दर्शन झाले आहे. तरी निम्मा शेक निर्विघ्न पार पडला, गाठ आखडली असे सांगण्यात आले, आणि मग एका सकाळी माझे डोळे पिवळे झाले.

तेथील डॉक्टरीणबाई वयाने माझ्या विद्यार्थिनीएवढ्या, परंतु नजर पर्यवेक्षकाची. म्हणाल्या, "गुरुजी, गळ्याला दिलेल्या शेकानं डोळे पिवळे होत नाहीत. पोटात काहीतरी जातंय. काय घेता?"

मी कुजबुजलो (हल्ली माझा आवाज एवढाच आहे), "पेज."

"आणि?"

"आणि अपमान."

त्या हसल्या नाहीत. "हे बघा, शेक अर्ध्यावर थांबवावा लागतोय आणि थांबवणं वाईट आहे. गाठीला उसंत मिळते. घरी जा. एक ऑगस्टला या. जे काही घेताय ते बंद करून या आणि सोबत घेऊन या. रक्त सुधारलं नसेल तर मी यंत्राखाली घेणार नाही."

म्हणजे आता एक ऑगस्टपूर्वी, माझ्या उदरात काय जाते आणि कोण घालते, हे शोधणे माझ्या प्राणांशी निगडित आहे. माझी पेज गेला महिनाभर कडू लागते. नागपूरच्या धर्मशाळेत तुझ्या वहिनीने, धुरपताने, स्टोव्हवर शिजवलेली पेजही कडूच होती. शेकाने चव जाते, असे धुरपता म्हणते. परंतु चव जाणे आणि कडू चव येणे या भिन्न घटना आहेत, हे सांगण्यास संस्कृताची आवश्यकता नाही. तसली कडवट, जिभेच्या मुळाशी लोखंडासारखी रेंगाळणारी चव या त्रैलोक्यात मी एकाच ठिकाणी घेतली आहे: बाबांच्या उशाशी तू ठेवलेल्या पितळी वाटीत. बोट बुडवून चाखली होती.

म्हणून विचारतो. काय पाठवतोस? कुणाच्या हस्ते? त्या वनस्पतीचे नाव काय? सोबत जबाबी कार्ड जोडले आहे, पत्ता माझ्या हाताने लिहिला आहे. तुला केवळ मागची बाजू खरडायची आहे.

माझ्या बाजूने सर्व स्वच्छ आहे. रुग्णालयाच्या गोळ्यांखेरीज मी काही घेत नाही. जेवणानंतर पाचक म्हणून चिमूटभर काही घेतो, त्याची गणना औषधांत होत नाही.

बापूराव


पोंभुर्णा, १९ जुलै

सोमाजीस,

तुझे उत्तर नाही. दोषी मनुष्य प्रथम टपालखात्यावर विसंबतो, हे मी वर्गात अनेकदा पाहिले आहे; गृहपाठ नेहमी वाटेतच गहाळ होतो. असो. तुझ्यावाचून तपास अडला नाही.

आपली ठमाबाई, म्हणजे तुझी-माझी थोरली बहीण, माझ्या सेवेसाठी मूल गावाहून येऊन राहिली आहे. सेवा करणारे मनुष्य पहाटे परसात पाट्यावर काहीतरी वाटत बसते आणि मी दारात येताच पदर पसरून पाटा झाकते, यावरून सेवेच्या स्वरूपाविषयी शंका उद्भवते. परवा मी तिला गाठले. घरात मी प्राकृत बोलतो हे तुला ठाऊक आहे.

"बाई, काय वाटून राह्यली?"

"हळद होय."

"हळद काळी कधीपासून झाली?"

"पावसाची हळद हाय. सादळली."

"दे मले चाटाले."

"आंगाले लावाची होय ते. मास्तर झाला तरी दिसल ते तोंडात घालाची खोड नाई गेली तुही! जाय, कानाले फडकं गुंडाळ, हवा लागते."

मी कानाला फडके गुंडाळले. दीर्घकालीन तपासात संशयितांना निर्धास्त ठेवावे लागते.

त्याच दुपारी मी प्रयोग केला. धुरपता पाणी आणावयास उठली असता तिची पेजेची वाटी माझ्यापुढे आणि माझी तिच्यापुढे सरकवली. ती आली, बसली, वाटी ओठांपर्यंत नेली आणि थांबली. वास घेतला. माझ्याकडे पाहिले नाही. वाटी खाली ठेवून म्हणाली, "माहं पोट भरलं." एक घोटही न घेता पोट भरणारी स्त्री आयुर्वेदालाही अज्ञात आहे. ती वाटी तिने परसात ओतली, आणि मी तिची पेज प्यालो. गोड होती. कित्येक दिवसांनी तांदळाला तांदळाची चव आली.

तुझ्याविरुद्धचा पुरावाही हाती आला. चंद्रपूरहून येणाऱ्या एस.टी.चा वाहक झिंगू दर आठवड्यास पळसाच्या पानांत बांधलेले एक पुडके धुरपताच्या हाती देतो. मी त्याला थांब्यावर अडवले.

"कोन देते रे हे?"

"मास्तर, मले सांगाची मनाई हाय."

"कोनाची मनाई?"

"ज्यानं देल्लं त्याची. आता तुमीच सांगा, नाव कसं घेऊ? पन मानूस सादा हाय. बिचारा कोळशानं इतका काळा होते का पुडकं देल्लं तं पानावर बोटं उमटते."

पळसाच्या पानावर तुझ्या बोटांचे काळे ठसे आहेत, सोमाजी. पान मी वाळवून व्याकरणाच्या पुस्तकात ठेवले आहे.

डोळे अधिक पिवळे झाले आहेत. खाज सुटते. पोटात उजवीकडे दगड ठेवल्यासारखे वाटते. नाव तेवढे कळव.

बापूराव


पोंभुर्णा, २४ जुलै

सोमाजी,

जबाबी कार्ड आले. टपालाचा शिक्का ऊर्जानगरचा, पत्ता माझ्या अक्षरात, आणि मागची बाजू कोरी. कार्ड उलटसुलट पाहिले, उजेडासमोर धरले, लिंबाच्या रसाने लिहिले असेल या शंकेने चुलीवर शेकलेही. एक कोपरा जळला. कोऱ्या कार्डाएवढा मोठा उद्धटपणा मला आजवर कुणी केला नव्हता, आणि मी तो धुरपतापुढे फेकला.

"पाह्य! हा तुहा गुणाचा दीर!"

तिने कार्ड उचलले, पाहिले, आणि पदराने डोळे पुसू लागली. मी चकित झालो. कोरे कार्ड वाचून रडणारा वाचक कोणत्याच लेखकाच्या नशिबी नसतो.

मग ती उंबऱ्यावर बसली. "आता सांगूनच टाकतो. पन तुमी मधी बोलू नोका."

मला बोलता येत नाही, हे तिच्या लक्षातून गेले असावे.

तुला ठाऊक असलेलेच तुला सांगतो. परंतु तू ते कोणत्या स्वरूपात माझ्या कानी आले हे जाणावेस. माझ्या गाठीचे निदान झाले त्याच आठवड्यात धुरपता आणि ठमाबाई मला 'नातेवाइकाची तेरवी' असे सांगून वारलू पुजाऱ्याकडे गेल्या. पुजाऱ्याने माझे नाव-गाव विचारले, डोळे मिटले, आणि औषध आहे असे सांगितले. त्याने अट घातली. मुळी रोग्याच्या रक्ताच्या माणसाने खोदायची. आणि खोदणाऱ्याने रोगी पुरता बरा होईपर्यंत त्याच्याशी एक अक्षर बोलायचे वा लिहायचे नाही. बोलला की मुळीचे सरपण झाले.

"पुजारी म्हने," धुरपता म्हणाली, "घरात असा कोन हाय, ज्याले बिमारासंगं न बोलता राह्यता येते? बायको राह्यत नाई, बहीन राह्यत नाई, लेकरं राह्यत नाई. म्या आन् बाईनं एकमेकीच्या तोंडाकडे पाह्यलं. मंग म्या म्हनलं, हाय एक. पाच वर्सं झाले. सराव हाय त्याले."

सोमाजी, आपल्या वैराची अशी वैद्यकीय उपयुक्तता असेल, हे माझ्या स्वप्नातही आले नव्हते.

इथवर मी तिला थांबवले नाही. पुढे ती जे म्हणाली ते मी दोनदा विचारून घेतले.

"पन तुमाले खरं सांगू का? पुजाऱ्याकडून आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी भाऊजी आपनच आले होते इथी. कोनी बोलावलं नाई. बिमारीचं आयकून आले. फाटकाले हात लावला होता. हातात केळाची फनी. म्या आंगनातून धावली आन् म्हनलं, भाऊजी, आत येऊ नोका. बोलू नोका. तुमच्यासंगं काम हाय."

"मंग?"

"मंग काई नाई. आयकून घेतलं समदं. केळं माह्या हाती देल्ले. रस्त्यावर उभे राह्यले जरासे. तुमी आत खोकलून राह्यले होते, तो खोकला आयकला, आन् गेले."

ती केळी मी खाल्ली होती. उत्तम होती. तुझी आहेत हे ठाऊक असते तर नावे ठेवली असती.

आता माझी अडचण लक्षात घे. पाच वर्षे मला तुझ्या मौनाचा अर्थ लख्ख ठाऊक होता. आता त्याच मौनात दुसरा पदार्थ कालवला गेला आहे, आणि कुठवर राग आहे आणि कुठून औषध सुरू होते, हे वेगळे करणारी प्रयोगशाळा नागपुरातही नाही. फाटकापर्यंत तू समेटास आला होतास की भांडणाचा दुसरा अंक सादर करण्यास? केळ्यांवरून निर्णय होत नाही. भांडायला येणारेही फळे आणतात.

मी धुरपतास म्हटले की मुळी आजपासून बंद. तिने मान हलवली, ती आडवी.

"काऊन बंद करू? डॉक्टरीन म्हनते का तुमी बरे व्हाल? म्या तिले तीनदा पुसलं. पाहू म्हनते. पुजारी म्हनते, होईल. आता मी कोनाचं आयकू?"

या प्रश्नावर मी गळ्याला हात लावला. घसा दुखतो, असा अभिनय केला. तो अभिनय हल्ली सोपा जातो.

म्हणून तुलाच लिहितो. एक ऑगस्टला, शुक्रवारी, सकाळी नागपूरच्या रुग्णालयात ये. मुळी आण, पाने, साल, जे असेल ते आण. तू म्हणशील, तोंड उघडले तर भाऊ मरेल. तुझी ही समजूत मी उपहासाने खोडून काढणार नाही, कारण ती माझ्याच बाजूची आहे. परंतु नियम असा आहे की खोदणाऱ्याने रुग्णाशी बोलू नये. डॉक्टरीणबाई रुग्ण नाहीत. त्यांच्याशी बोलण्यास कोणताही प्रतिबंध उक्त नाही. नियमाचा अर्थ त्याच्या शब्दांबाहेर ओढू नये, हे मी तुला लहानपणी विटीदांडूच्या संदर्भात शिकवले होते.

बापूराव


पोंभुर्णा, २८ जुलै

सोमाजी,

हे पत्र न लिहिता चालले असते. परंतु शुक्रवारी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर एका वस्तूऐवजी दोन निघतील, तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर जे भाव येतील ते मला पूर्वसूचनेविना पाहावयाचे नाहीत.

काल पावसाने उघडीप दिली म्हणून ठमाबाईने माझा शाळेचा कोट वाळत घातला. आतल्या खिशातून एक पुडी खाली पडली. तिने ती उचलून, नाकाशी नेऊन, शिंकून, मला परसात बोलावले.

"हे काय होय रे?"

"पाचक."

"पाचक कोटाच्या आतल्या खिशात काऊन ठेवते मानूस? धुरपते! अवं धुरपते, इथी ये! पाह्य तुहा मास्तर!"

मग मला त्या दोघींसमोर, वाळत घातलेल्या कोटाच्या साक्षीने, निवेदन करावे लागले. मेच्या अखेरीस, घसा बसून महिना झाला आणि मला स्वतःलाच शंका येऊ लागली तेव्हा, 'शिक्षण कार्यालयात काम आहे' असे सांगून मी चंद्रपूरला गेलो होतो. तेथे एका लॉजच्या माडीवर दरमहा एक वैद्यराज उतरतात. भिंतभर प्रशस्तिपत्रे. ते भस्म देतात. कशाचे, हे विचारले असता त्यांनी एक श्लोक म्हटला. तोच श्लोक पुडीच्या वेष्टनावर छापलेला आहे. मी तो तपासला. वृत्त वसंततिलका, निर्दोष. यतिभंग नाही, संधी बिनचूक. एवढ्या शुद्ध वृत्तात लिहिणारा मनुष्य लबाड असेल, ही कल्पना मला शिवली नाही. दुसऱ्या एखाद्याला शिवली असती. तुला शिवली असती.

जूनपासून, शेक चालू असतानाही, मी ते मधातून घेत आलो.

ठमाबाईने पुडी धुरपताच्या हाती दिली. "म्हंजे आमी चोरून देऊन राह्यलो, आन् तू चोरून खाऊन राह्यला?"

"बाई, ते शास्त्रोक्त..."

"आमची मुळी दिसते तरी. झाडाची हाय, मातीतली हाय. हे राखुंडी कशाची होय? कोनाले मालूम? आन् आमच्या वाट्या बदलवते! आमच्यावर जासूसी करते! बाप्पा बाप्पा! बापावरून भावाले वाळीत टाकलं यानं!"

धुरपताने वेष्टनावरून बोट फिरवले. ती पुडी हातात धरून उभी होती. मग म्हणाली, "तुमाले बी कोनी बरं होईल म्हनलं नाई, म्हनून गेले का?"

तिच्या प्रश्नांना एक खोड आहे. ते नेमके तिथेच येऊन बसतात. त्या वेष्टनावर श्लोकाखाली जाड अक्षरांत 'निःसंशय' असा शब्द आहे. गेल्या दोन महिन्यांत तो शब्द माझ्यापुढे कुणी उच्चारला नव्हता. तुला ठाऊक आहे, मी संशयी मनुष्य आहे. संशयी माणसाला तो शब्द फार आवडतो.

शेवटी तह झाला. धुरपता म्हणाली, "तुमी पुडी सोडा, मी मुळी सोडतो. शुक्रवारपर्यंत. मंग डॉक्टरीन काय म्हनते ते पाहू." तहाची अंमलबजावणी उभयपक्षी अविश्वासाने चालू आहे. ती माझे खिसे झाडते, मी पेजेचे पातेले चाटून पाहतो. ठमाबाई दोघांवर नजर ठेवते, आणि तिच्यावर कुणी ठेवायची हा प्रश्न अनुत्तरित आहे. पेज गोड लागते. डोळे अजून पिवळेच आहेत.

विशेषणाविषयी: बाबांच्या बाबतीत मी जे म्हटले ते म्हटले. परंतु तेव्हा मला वाटत असे की, माणूस असल्या पुजाऱ्या-वैद्यांकडे मूर्खपणामुळे जातो. आता ती व्याख्या थोडी रुंद करावी लागेल, कारण तीत मला बसवायचे आहे.

शुक्रवारी ये.

बापूराव


नागपूर, २ ऑगस्ट

सोमाजी,

हे पत्र टपालात टाकण्याची गरज नाही. तू चार हातांवर, धर्मशाळेच्या याच खोलीत भिंतीकडे तोंड करून निजला आहेस. उशाजवळच्या तांब्याखाली ठेवतो.

काल रुग्णालयाच्या फाटकाशी तू निंबाखाली उभा होतास. केस पांढरे झाले आहेत तुझे. मला ते कुणी कळवले नव्हते. मी थांबलो. तू मान लववलीस आणि लगेच धुरपताकडे वळून म्हणालास, "वयनी, आत कोनत्या दारानं जाचं?" तेव्हाच माझ्या मनात आले की हा मनुष्य नियम पाळणार, आणि मला पाहत राहावे लागणार.

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर तू पानांचे पुडके सोडलेस. त्याच्या शेजारी मी माझी पुडी ठेवली. बाईंनी एकदा मुळीकडे, एकदा पुडीकडे पाहिले.

"दोन्ही?"

"दोन्ही," मी कुजबुजलो.

"एकाच वेळी?"

"परस्परांच्या नकळत."

त्यांनी मुळी हातात घेऊन नखाने खरवडली, हुंगली. मला वाटले, जिभेला लावतात की काय. आमच्या घराण्यात तशी रीत आहे. "याचं नाव काय?"

आणि तू बोललास. "नाव नाई मालूम, डॉक्टरबाई. पुजारी नाव सांगत नाई. झाड दाखवू शकतो."

पाच वर्षांनी तुझा आवाज ऐकला, तोही दुसऱ्याला दिलेला. तो बाबांसारखा झाला आहे. अगदी 'दाखवू' मधल्या त्या ओढलेल्या ऊपर्यंत. हे तुला कुणी सांगितले आहे का? सांगू शकणारा मीच होतो ना.

"तुम्ही कोण यांचे?" बाईंनी विचारले.

"लहाना भाऊ."

"मग समजावत का नाही यांना? शिकलेला माणूस आहे, भस्म खातोय!"

तू भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहिलेस. "आमी बोलत नाई."

"भांडण?"

"नाई. औषध."

डॉक्टरीणबाईंनी लेखणी खाली ठेवली. त्यांना ते समजावून देण्यास धुरपताला बराच वेळ लागला. मला वाटले, आता या हसतील किंवा रागावतील. त्यांनी दोन्ही केले नाही. म्हणाल्या, "कशानं झालं ते मी सांगू शकणार नाही. या मुळीनं, या राखेनं, दोन्हींनी, किंवा नुसत्या पाण्यातल्या काविळीनं. पण सगळं बंद म्हणजे बंद. आणि मी बरं होईल असं म्हणत नाही म्हणून तुम्ही हे करता, हे मला कळतं. म्हणता येत नाही हो. म्हणता आलं असतं तर पहिल्याच दिवशी म्हटलं असतं." मग रक्त घेतले. निकाल सोमवारी.

सोमवारपर्यंत माझ्या गळ्यातली ती गाठ काय करीत असेल, याचा विचार करीत मी भिंतीकडे पाहत आहे. तूही त्याच भिंतीकडे पाहत असावास. पाठीवरून कळत नाही.

बापूराव


नागपूर, ६ ऑगस्ट

सोमाजी,

रक्त पुरते निवळले नाही, पण उतरणीला लागले आहे. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा पाहून काल मला यंत्राखाली घेतले. गाठ मधल्या काळात वाढली काय, यावर म्हणाल्या, "पाहू." या वेळी तो शब्द मला तितकासा कमी वाटला नाही. मानेवरच्या रेघा फिक्या झाल्या होत्या, त्या नव्या शाईने पुन्हा आखल्या.

धुरपता भाताच्या रोवणीसाठी गावी गेली. बांधीत रोप थांबत नाही. जाण्यापूर्वी मी तिला विचारले की मुळी तर बंद झाली, पुडके डॉक्टरीणबाईंच्या कचऱ्याच्या डब्यात गेले, आता सोमाजी काऊन बोलत नाही? तिने तुला विचारले. तुझे उत्तर तिने जसेच्या तसे आणले:

"पुजाऱ्यानं म्हनलं होतं, बरा होतपर्यंत बोलू नोको. कोनाच्या औषधानं बरा होईल, हे नवतं म्हनलं. नियम शब्दाच्या बाहेर ओढाचा नाई, असं भाऊच म्हनते."

म्हणजे तुझे मौन आता कोबाल्टच्या पाठीशी उभे आहे. त्याचा उपयोग आहे असे मी मानत नाही. नाही असे म्हणण्याचे धाडसही होत नाही. तू रजा टाकून राहिला आहेस, पेज शिजवतोस, यंत्राच्या दाराबाहेर माझ्या चपला धरून उभा राहतोस. पेज मी आधी हुंगतो, ते तू पाहतोस आणि वाटीतला पहिला घोट स्वतः घेऊन दाखवतोस. संशय पूर्ण फिटलेला नाही. तरी पितो.

बरा झालो तर पहिले वाक्य तुझे असेल. ते तू काय बोलशील, याची मला धास्ती आहे. विशेषणाची परतफेड असेल तर ती लघुसमासात कर.

तूर्त एक व्यावहारिक बाब. या खोलीला किल्ली एकच आहे, आणि तू चहाला जाताना ती खिशात घालून नेतोस. काल शेक घेऊन आलो तो दाराला कुलूप. तू समोरच्या टपरीवर पाठमोरा बसला होतास, अगदी दिसत होतास. मला हाक मारता येत नाही, आणि मारली तरी तुला 'ओ' देता येत नाही. मी व्हरांड्यात ओल्या सतरंजीवर बसून राहिलो. व्यवस्थापक दादाजी दुसरी किल्ली देत नाही. म्हणतो, पूर्वीचा भाडेकरू घेऊन गेला. चौकटीवर ठेवावी तर उंदीर पाडतात, उंबऱ्याशी ठेवावी तर शेजारच्या खोलीतला गृहस्थ मला पसंत नाही. खिळ्याला टांगावी म्हटले तर या संपूर्ण धर्मशाळेत भिंतीला एक खिळा नाही. तेव्हा जागा तूच शोध, आणि मला बोटाने दाखव.

बापूराव